व्हिसा स्टुडंटचा, धंदा व्हेपचा?

मास्टर्ससाठी यूकेला निघालात? तिकडे एखादा रूममेट म्हणेलच, ‘व्हेप होलसेलमध्ये घेऊ, इन्स्टावर विकू, भाडं सुटेल!’ जरा थांबा. तिथे सज्ञानांना व्हेप विकणं कायदेशीर असलं, तरी स्टुडंट व्हिसावर स्वतःचा धंदा चालत नाही, अगदी छोटासुद्धा. टर्ममध्ये आठवड्याला २० तास, तेही दुसऱ्याकडे नोकरी, बस्स. नियम मोडला तर व्हिसाच रद्द होऊ शकतो. त्यात १ जून २०२५ पासून डिस्पोजेबल व्हेपच्या विक्रीवर बंदी आहे. उरलेला माल सुट्टीत पुण्याला आणू, असंही मनात आणू नका. २०१९च्या कायद्यानुसार भारतात ई-सिगारेटची आयात गुन्हा आहे. पहिल्याच वेळी वर्षापर्यंत कैद, लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. भाड्याची चणचण खरी, पण त्यापायी घरच्यांनी कर्ज काढून उभी केलेली डिग्री पणाला लावू नका.