स्वस्त, जलद आणि मधला

दहावीच्या निकालाच्या दिवशी लाखो विद्यार्थी एकाच वेळी एका संकेतस्थळावर तुटून पडतात. अशा वेळी क्लाउडवरचे सर्व्हर भाड्याने किती घ्यायचे? जास्त घेतले तर बिल फुगते, कमी घेतले तर पान उघडता उघडत नाही.

समजा, चार पर्याय आहेत. त्यांचा ताशी खर्च आणि पान उघडायला लागणारा वेळ असा:

अ : ४०० रुपये, ९०० मिलिसेकंद
ब : ७५० रुपये, ६०० मिलिसेकंद
क : १,००० रुपये, २५० मिलिसेकंद
ड : ८०० रुपये, ७०० मिलिसेकंद

‘ड’ हा ‘ब’पेक्षा महागही आणि संथही, म्हणून तो बाद. उरलेल्या तिघांत एक बाजू सुधारली की दुसरी बिघडते. इटालियन अर्थतज्ज्ञ पारेतो यांच्या नावावरून अशा पर्यायांच्या रांगेला ‘पारेतो सीमा’ म्हणतात. प्रत्यक्षात पर्याय हजारोंनी असतात. त्यांतून ही सीमा शोधण्यासाठी कल्याणमय देब आणि सहकाऱ्यांनी आयआयटी कानपूरमध्ये विकसित केलेली, २००२ साली प्रसिद्ध झालेली ‘एनएसजीए-२’ ही पद्धत जगभर वापरली जाते.

इथवर संगणकाचे काम. पुढची निवड पैसे मोजणाऱ्याची.

सोपा मार्ग म्हणजे खर्चाला आणि वेळेला टक्क्यांत महत्त्व देऊन बेरीज करणे. रुपये आणि मिलिसेकंद थेट मिळवता येत नाहीत, म्हणून दोन्ही आधी ० ते १ या मापावर आणायचे. ‘अ’चे आकडे ० आणि १, ‘क’चे १ आणि ०, ‘ब’चे साधारण ०.५८ आणि ०.५४. आता निम्मे-निम्मे महत्त्व द्या. ‘अ’ आणि ‘क’ला ०.५० मिळतात, ‘ब’ला ०.५६, कमी बेरीज चांगली, म्हणजे ‘ब’ हरला. टक्के कसेही फिरवा, ‘ब’ कधीच जिंकत नाही.

दुसरा मार्ग पोलंडचे आंजेय व्येझ्बित्स्की यांनी १९८० च्या सुमारास मांडला : टक्के नकोत, अपेक्षा सांगा. ‘७०० रुपयांत ५०० मिलिसेकंद’ असे म्हटले, तर प्रत्येक पर्याय सर्वांत जास्त कुठे कमी पडतो ते त्याच मापावर पाहायचे. ‘अ’ वेळेत ०.६२ने मागे, ‘क’ खर्चात ०.५०ने, ‘ब’ वेळेत फक्त ०.१५ने. निवड ‘ब’ची. तो पटला नाही तर अपेक्षा थोडी सरकवून पुन्हा विचारायचे.

म्हणून खर्चाला किती टक्के महत्त्व, असे कोणी विचारले तर टक्के सांगू नका. परवडणारे रुपये आणि चालणारा वेळ सांगा.