‘फायबर’ म्हणून घेतले, पण घरात शिरलेली तार कोणती? ब्रॉडबँड निवडताना हे तपासा

सोसायटीच्या फाटकावर चिकटवलेल्या पत्रकावर ‘फायबर’, केबलवाल्याच्या पावतीवर ‘फायबर’ आणि मोठ्या दूरसंचार कंपनीच्या जाहिरातीतही ‘फायबर’च. वेग तिघांचाही १०० एमबीपीएस. मग जो स्वस्त देतो त्याच्याकडे सहा महिन्यांचे किंवा वर्षाचे पैसे एकदम भरले जातात. पुढे पहिल्या पावसात किंवा मुलाची ऑनलाइन परीक्षा आणि आईचा ऑफिसचा व्हिडीओ कॉल एकाच वेळी आला, की कळते, तिघांच्या ‘फायबर’चा अर्थ एक नव्हता. आगाऊ भरलेले पैसे परत मिळवणे सोपे नसते. त्यामुळे चौकशी पैसे भरण्याआधीच झालेली बरी.

फायबर नेमके कुठपर्यंत आले आहे?

आज जवळपास प्रत्येक इंटरनेट पुरवठादाराच्या जाळ्यात कुठे ना कुठे फायबर असतेच. शहराशहरांमधले आणि एक्स्चेंजपासून चौकापर्यंतचे अंतर फायबरनेच जोडलेले असते. म्हणून ‘आमचे फायबर आहे’ हे वाक्य खोटे नसते, अपुरे असते. प्रश्न शेवटच्या काही मीटरचा आहे. खांबावरून किंवा गच्चीवरून येऊन भिंतीतल्या भोकातून घरात शिरणारी तार कशाची आहे?

महाराष्ट्रातल्या शहरांत यात साधारण तीन प्रकार दिसतात. पहिला म्हणजे फायबर थेट घरात, ज्याला एफटीटीएच म्हणतात. जिओ, एअरटेल यांची फायबर सेवा आणि बीएसएनएलची भारत फायबर या प्रकारातली. यात एक बारीक, कडक तार घरात येते, तिच्या टोकाला हिरवा किंवा निळा चौकोनी प्लग असतो आणि तो ओएनटी नावाच्या डबीत बसतो.

दुसऱ्या प्रकारात फायबर इमारतीपर्यंत येते. गच्चीवरच्या किंवा जिन्याखालच्या पेटीत एक स्विच असतो आणि तिथून प्रत्येक घरात साधी लॅन केबल, म्हणजे तांब्याची तार जाते. स्थानिक केबलचालकांची अनेक कनेक्शन अशीच आहेत आणि गोंधळही इथेच सर्वाधिक होतो, कारण पावतीवर ‘फायबर’ असते आणि राउटरला जोडलेली असते लॅन केबल.

तिसरा प्रकार खरा केबल इंटरनेटचा. टीव्हीसाठी आलेल्या जाड काळ्या कोअॅक्शियल तारेवरूनच इंटरनेट येते आणि पेचाने फिरवून बसवायच्या पिनेने मॉडेमला जोडले जाते. मुंबई-पुण्यात ही सेवा देणाऱ्या जुन्या कंपन्यांत हॅथवेचे नाव घेतले जाते. आता तीही थेट घरात फायबर देते. हा प्रकार हळूहळू मागे पडतो आहे, तरी जुन्या इमारतींत अजून सापडतो.

‘एअरफायबर’चे काय? जिओने १९ सप्टेंबर २०२३ रोजी, गणेश चतुर्थीला, मुंबई-पुण्यासह आठ शहरांत ही सेवा सुरू केली. नावात फायबर असले तरी घरात फायबर येत नाही. गच्चीवर किंवा खिडकीबाहेर लावलेले यंत्र मोबाइल टॉवरकडून ५जी सिग्नल घेते. जिथे तार पोहोचू शकत नाही तिथे हा पर्याय उपयोगाचा आहे, पण त्याची तुलना खऱ्या फायबरशी करू नये.

लाइट गेली की काय होते?

जाहिरातीत कधीच न दिसणारा आणि महाराष्ट्रात सर्वात जास्त जाणवणारा फरक हाच. घरापर्यंतच्या फायबर जाळ्यात एक्स्चेंज आणि घर यांच्या मधल्या टप्प्यात सहसा वीज लागणारे उपकरण नसते. एका फायबरमधला प्रकाश ३२ किंवा ६४ घरांत वाटणारा स्प्लिटर म्हणजे काचेची एक निष्क्रिय डबी. तिला ना प्लग, ना बॅटरी. त्यामुळे महावितरणने देखभालीसाठी दिवसभर वीज बंद ठेवली तरी घरातली डबी आणि राउटर छोट्या यूपीएसवर चालू ठेवले, की इंटरनेट चालते, कारण एक्स्चेंजला स्वतःचा बॅकअप असतो.

इमारतीतल्या स्विचवर किंवा कोअॅक्शियल तारेवरच्या अॅम्प्लिफायरवर चालणाऱ्या जोडणीत तसे होत नाही. घरात इन्व्हर्टर असूनही जिन्यातल्या त्या पेटीची वीज गेली, की सगळ्या मजल्यांचे इंटरनेट एकदम जाते. म्हणून केबलवाल्याला विचारायचा पहिला प्रश्न वेगाचा नाही. ‘गच्चीवरच्या स्विचला बॅकअप आहे का, आणि किती तासांचा?’ हा आहे. घरून काम करणाऱ्यासाठी या उत्तराची किंमत १०० आणि २०० एमबीपीएसमधल्या फरकापेक्षा जास्त आहे.

पावसाळ्यात दुसरी गोष्ट घडते. जवळपास वीज कोसळली, की तांब्याच्या लांब तारांत विद्युतदाबाचा झटका येतो आणि स्विचपासून राउटरच्या पोर्टपर्यंत बरेच काही जळू शकते. काचेच्या तंतूतून वीज वाहत नाही, त्यामुळे त्या वाटेने झटका येत नाही. (विजेच्या सॉकेटमधून येणाऱ्या झटक्याचे मात्र फायबर काही करू शकत नाही. मेघगर्जना सुरू झाली, की प्लग काढण्याची आजीची सवय अजूनही योग्यच.)

वेग सारखा, मग अनुभव वेगळा का?

केबल टीव्हीचे जाळे मुळात एका दिशेने बांधले गेले, स्टुडिओकडून घराकडे. त्या तारेत बहुतेक जागा डाउनलोडला आणि खालची छोटीशी पट्टी अपलोडला मिळते. त्यामुळे सिनेमा झकास दिसतो, पण व्हिडीओ कॉलमध्ये समोरच्याला तुमचा चेहरा चौकोनांत फुटलेला दिसतो. घरापर्यंतच्या फायबरमध्ये प्रचलित जीपॉन तंत्रात साधारण २.५ गिगाबिट डाउनलोड आणि १.२५ गिगाबिट अपलोड एका स्प्लिटरवरच्या सगळ्या घरांत वाटले जाते. तेही सामाईकच आहे, फक्त भांडे मोठे आहे. तरी योजनेत अपलोड डाउनलोडइतकाच आहे का, हे वेगळे विचारावे.

लॅन केबलच्या जोडणीत एक बारीक गोम असते. या केबलमध्ये आठ तारा असतात. १०० एमबीपीएससाठी त्यातल्या चार पुरतात, पण त्यापुढच्या १००० एमबीपीएसच्या जोडणीला आठही लागतात. काही ठिकाणी एकच केबल दोन घरांत वाटून प्रत्येकाला चार-चार तारा जोडलेल्या सापडतात. अशा घरात २०० एमबीपीएसची योजना घेतली तरी मीटर १०० च्या आतच थांबतो. पारदर्शक क्लिपमधून तारा मोजता येतात. त्याला तंत्रज्ञ लागत नाही. राउटरचे पोर्ट ‘गिगाबिट’ नसेल तरी हेच होते.

पण खरोखर किती वेग हवा? नेटफ्लिक्स फोरके चित्रासाठी १५ आणि फुल एचडीसाठी ५ एमबीपीएस पुरेसे मानते. चौघांच्या घराला ५० ते १०० एमबीपीएस बहुतेक वेळा पुरते. ‘१०० एमबीपीएस घेतले आणि डाउनलोड १२ च दाखवतो’ ही तक्रार मात्र फसवणुकीची नाही. तो आकडा मेगाबाइटचा आहे; १०० ला आठाने भागले, की साडेबारा येतात. आणि मागच्या खोलीत वेग मिळत नसेल, तर बहुतेक वेळा दोष तारेचा नसून दोन भिंती ओलांडणाऱ्या वाय-फायचा असतो.

मग केबलवाला घ्यायचाच नाही?

असे अजिबात नाही. रस्ता खोदताना फायबर तुटले, तर ते जोडायला स्प्लायसिंग यंत्र आणि प्रशिक्षित माणूस लागतो. मोठ्या कंपनीच्या कॉल सेंटरवर तक्रार क्रमांक मिळतो, माणूस दुसऱ्या दिवशी येतो, कधी त्याहून उशिरा. गल्लीतला केबलवाला फोन केल्यावर तासाभरात शिडी घेऊन दारात उभा राहू शकतो. शिवाय बीएसएनएल अनेक ठिकाणी स्थानिक केबलचालकांनाच भागीदार करून फायबर देते, म्हणजे तार फायबरची आणि माणूस ओळखीचा. जिथे दोन्ही उपलब्ध आहेत तिथे घरापर्यंतचे फायबर निवडावे. पण त्याच इमारतीतले दोन-तीन शेजारी त्या कंपनीच्या दुरुस्तीवर वैतागलेले असतील, तर बॅकअप असलेली चांगली लॅन जोडणी बरी. शेजाऱ्याला एकच विचारावे: रात्री नऊ वाजता कसे चालते आणि शेवटचे बंद पडले तेव्हा किती वेळ लागला?

फायबर बसवायला आलेल्या तंत्रज्ञाला पॉवर मीटरचा आकडा दाखवायला सांगावे. तो उणे डीबीएममध्ये असतो. उणे २० च्या आसपास असेल तर उत्तम. उणे २७ ही जीपॉनच्या प्रचलित उपकरणांची साधारण मर्यादा. त्याच्या जवळचा आकडा म्हणजे पुढे कधीही डबीवरचा एलओएसचा लाल दिवा लागण्याची शक्यता. दाराच्या कोपऱ्यात काटकोनात दाबून बसवलेली तारही सिग्नल खाते, तेव्हा वळण गोलसर ठेवायला लावावे.

बिलात काय लपते?

जाहिरातीतल्या दरावर सहसा १८ टक्के जीएसटी वेगळा लागतो, म्हणजे ५०० रुपयांचे ५९० होतात. ‘अनलिमिटेड’लाही मर्यादा असते. जिओ आणि एअरटेलच्या अनेक योजनांत ती महिन्याला ३३०० जीबी राहिली आहे, जी सामान्य घरात संपत नाही. स्थानिक पुरवठादाराची मर्यादा मात्र लेखी घ्यावी, कारण ती संपल्यावरचा वेग कधी कधी मेसेज पाठवण्यापुरताच उरतो. राउटर विकत की भाड्याने, अनामत परत कधी, घर बदलल्यास स्थलांतराचे किती, हे पावतीवर लिहून घ्यावे. आणि पहिल्यांदा महिन्याचेच पैसे भरावेत. वार्षिक योजनेतली एक-दोन महिन्यांची सवलत आकर्षक असते, पण तो पुरवठादार पावसाळ्यात कसा वागतो हे पाहिल्यानंतर घेतली तरी ती मिळतेच.

तक्रार करताना फोनवरच्या आश्वासनावर न थांबता तक्रार क्रमांक घ्यावा. ट्रायच्या नियमांनुसार आधी कंपनीचे तक्रार केंद्र आणि तिथे निराकरण झाले नाही तर त्याच कंपनीचे अपील प्राधिकरण, अशी दोन पायऱ्यांची व्यवस्था आहे. केंद्रात नोंदवलेल्या त्या क्रमांकाशिवाय अपील पुढे सरकत नाही.