जाळीवरचा पुठ्ठा आणि इंजिनाची ऊब

कॅनडात विनिपेगला किंवा अमेरिकेच्या नॉर्थ डकोटात डिसेंबर लागला की ट्रकांच्या तोंडावर पडदे चढतात. जाड, पाणी न धरणारं कापड, कडेनं बटणं आणि मधोमध उघडझाप करता येईल अशी झडप. तिथं याला विंटरफ्रंट म्हणतात. ट्रकवाल्यांचं पाहून कारवालेही घरच्या घरी तीच सोय करतात. कुणी पुठ्ठा कापून लावतं, कुणी जाहिरात-फलकांचं पोकळ नळ्यांचं प्लास्टिक, तर कुणी पाण्याच्या पाइपावर चढवायचा फोम आणून जाळीच्या पट्ट्यांमध्ये दाबून बसवतं. इंजिन लवकर तापावं आणि पेट्रोल कमी लागावं, एवढाच हेतू. कॅल्गरी-टोरांटोला नव्यानं गेलेली आपली मंडळी पहिल्याच हिवाळ्यात याची चौकशी करतात. त्यांचे व्हिडिओ पाहून मग पुण्या-नाशकातही कुणीतरी विचारतं, की आपणही थंडीत लावावं का?

उपाय खोटा नाही. पण तो कशामुळं लागू पडतो, किती लागू पडतो आणि कुठं पडत नाही, याबद्दल बरेच गैरसमज आहेत. त्यातला एक तर आपल्याकडच्या गॅरेजांमध्ये घट्ट रुजलेला आहे आणि तो गाडीच्या मुळावर येतो.

गैरसमज : रेडिएटर झाकला, की इंजिनाचं पाणी लवकर तापतं

थंड इंजिन सुरू केल्यावर पहिली काही मिनिटं कूलंट रेडिएटरकडे जातच नाही. त्याच्या वाटेवर थर्मोस्टॅट वॉल्व्ह आडवा बसलेला असतो. हा वॉल्व्ह गॅरेजमध्ये मागून एकदा हातात घेऊन पाहावा. तळहातावर मावेल एवढी धातूची चकती, मध्ये स्प्रिंग आणि एक छोटी पितळी कुपी. कुपीत मेण भरलेलं असतं. ते वितळलं की फुगतं, दांडा ढकलतं आणि झडप उघडते. चकतीवर बहुधा ८२ किंवा ८८ असा आकडा कोरलेला दिसतो. पातेल्यातल्या पाण्यात वॉल्व्ह दोऱ्यानं टांगून, शेजारी थर्मामीटर सोडून गॅस लावला, तर पाणी त्या आकड्याच्या आसपास येताच झडपेची कड हळूच उचलली जाताना डोळ्यांनी दिसते. गॅस बंद करा, ती पुन्हा बसते. वीज नाही, तार नाही, कॉम्प्युटर नाही. या साध्या यंत्राबद्दल मला फार आदर आहे.

म्हणजे झडप उघडेपर्यंत कूलंट इंजिनातल्या इंजिनात आणि केबिनच्या हीटरमधून फिरत राहतं. तोवर रेडिएटर झाकलेला असो वा उघडा, त्याला काही फरक पडत नाही.

मग पुठ्ठ्यानं फायदा होतो तो कसा? जाळीतून शिरलेला वारा रेडिएटर ओलांडून पुढं इंजिनाच्या ब्लॉकवर, ऑइलच्या चेंबरवर, एक्झॉस्टच्या पाइपांवर आणि गिअरबॉक्सवर आदळतो. बाहेर उणे २० आणि गाडीचा वेग ताशी ६० किलोमीटर असेल, तर इंजिन तापवत असलेली उष्णता हा वारा बाहेरच्या बाहेर उडवत असतो. कूलंटपेक्षा इंजिन ऑइल आणि गिअरबॉक्सचं ऑइल तापायला जास्त वेळ घेतात. त्यांना या वाऱ्याचा फटका अधिक बसतो. जाळी झाकली की बॉनेटखालची हवा तिथंच राहते, गरम राहते. गोधडी ऊब तयार करत नाही, असलेली राखते. तेवढंच काम हा पुठ्ठा करतो. गाडी तासाभरासाठी उभी केली तरी इंजिन थोडं सावकाश निवतं, हा त्याचा आणखी एक फायदा.

छोट्या डिझेल इंजिनांची गोष्ट थोडी वेगळी. ती इंधन इतक्या काटकसरीनं जाळतात की वाया जाणारी उष्णताच कमी. उणे १५-२० मध्ये गाडी सिग्नलला उभी असताना हीटर पूर्ण सोडला, तर तापलेलं इंजिन पुन्हा थंड व्हायला लागतं. अशा गाडीत जाळी झाकल्याचा फरक पायांना लागणाऱ्या हवेतच कळतो.

गैरसमज : थंडीत अ‍ॅव्हरेज पडतं ते फक्त इंजिन गार असल्यामुळं, जाळी झाकली की सगळं भरून निघतं

अमेरिकेच्या ऊर्जा खात्याच्या आकड्यांनुसार साध्या पेट्रोल कारचं अ‍ॅव्हरेज २५ अंश सेल्सिअसच्या तुलनेत उणे ७ अंशांना सुमारे १५% नी घटतं, आणि पाच-सहा किलोमीटरच्या छोट्या फेऱ्यांमध्ये ही घट २४% पर्यंत जाते. हायब्रिड गाड्यांत ती त्याहून मोठी असते, कारण एरवी बंद राहणारं इंजिन केवळ ऊब टिकवण्यासाठी पुन्हापुन्हा सुरू करावं लागतं. टोयोटा प्रियसच्या मालकांमध्ये जाळी झाकण्याची युक्ती विशेष रुजली ती याच कारणानं.

पण ही घट एकाच कारणानं होत नाही. थंड इंजिनाला कॉम्प्युटर जादा पेट्रोल देतो, हे खरं. त्याखेरीज ऑइल घट्ट झालेलं असतं. टायरमधली हवा दर पाच-सहा अंशांना साधारण एक पीएसआयनं उतरते. मागच्या काचेची तार, सीटचा हीटर, पंखा हे सगळे बॅटरीवर आणि पर्यायानं इंजिनावर भार टाकतात. तिकडं हिवाळ्यात मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये ऊर्जाही किंचित कमी असते. आणि एक गोष्ट सहसा कुणाच्या लक्षात येत नाही, ती म्हणजे हवेचा दाटपणा. उणे २० अंशांची हवा २५ अंशांच्या हवेपेक्षा सुमारे १८% जड असते. त्याच वेगानं जायचं तर गाडीला तेवढी जास्त हवा कापावी लागते. पुठ्ठा यातल्या दोन-तीन गोष्टींवरच काम करतो. टायर तो फुगवत नाही.

मग बचत किती?

वीस-पंचवीस टक्क्यांचे दावे सर्रास ऐकू येतात. थोडं गणित करून पाहू. गाडीच्या एकूण वातविरोधात जाळीतून आत शिरणाऱ्या, अडखळत बाहेर पडणाऱ्या हवेचा वाटा साधारण ५ ते १० टक्के धरतात. ताशी १०० किलोमीटरला एकूण विरोधापैकी निम्मा हवेचा मानला, तर जाळी पूर्ण बंद करूनही विरोध अडीच ते पाच टक्क्यांनी घटेल. पूर्ण बंद करायची नसतेच, म्हणून त्याच्या निम्मं धरा. म्हणजे हायवेवर वाऱ्याच्या खात्यातली बचत एक-दोन टक्के. कडाक्याच्या थंडीत ऑइल लवकर तापल्याचा फायदा त्यात थोडी भर घालतो. शहरातल्या धिम्या वेगात वातविरोधाचा हिशोब जवळजवळ शून्यच.

एक-दोन टक्के हा आकडा क्षुल्लक नाही. त्यासाठी कंपन्या पैसे खर्च करतात. २०११ च्या शेवरोले क्रूझ इको या गाडीत खालच्या जाळीला आपोआप मिटणाऱ्या पट्ट्या होत्या. आज अनेक कंपन्यांच्या गाड्यांत त्या असतात. कल्पना तर फार जुनी. १९३० च्या दशकात रोल्स-रॉइस आणि पॅकार्डच्या रेडिएटरपुढच्या उभ्या पट्ट्या तापमानानुसार उघडमिट करायच्या. स्वीडनच्या जुन्या साब गाड्यांत चालकानं बसल्या जागी साखळी ओढून रेडिएटरवर पडदा चढवायचा, आणि सोव्हिएत व्होल्गा गाडीत त्यासाठी हँडल होतं. फरक इतकाच, की या सगळ्यांत पडदा लगेच उघडता येतो. पुठ्ठा उघडायचा तर रस्त्याच्या कडेला उतरावं लागतं. नव्या गाडीत कंपनीच्याच पट्ट्या असतील, तर वरून काही लावायचं कारण नाही.

गैरसमज : वाऱ्यामुळं उभी गाडी हवेपेक्षाही गार पडते, म्हणून रात्री झाकावी

बोचरा वारा माणसाला जास्त झोंबतो, कारण अंगची उष्णता तो भराभर नेतो. निर्जीव इंजिन मात्र कितीही वारा लागला तरी बाहेरच्या तापमानाखाली जात नाही. रात्रभर उभी राहिलेली गाडी पडदा असो-नसो, सकाळी सारखीच गार. डिझेल गोठणंही यानं थांबत नाही. डिझेलमधलं मेण टाकीत आणि फिल्टरमध्ये साकळतं. त्याला वेगळं इंधनच लागतं. लडाखसाठी इंडियन ऑइलनं २०१९ मध्ये उणे ३३ अंशांपर्यंत प्रवाही राहणारं डिझेल आणलं ते त्यासाठीच.

सकाळच्या गार इंजिनासाठी खरा उपाय म्हणजे ब्लॉक हीटर. नॉर्थ डकोटाच्या अँड्र्यू फ्रीमन यांनी त्याचं पेटंट १९४९ मध्ये मिळवलं. त्या भागात पार्किंगमध्ये गाड्यांसाठी विजेचे प्लग दिसतात ते या हीटरकरता. निघण्याआधी दोन तास टायमरनं चालू झाला तरी पुरतो, रात्रभर वीज जाळायची गरज नसते. कॅनडाच्या नैसर्गिक संसाधन खात्याच्या मते उणे २० ला त्यामुळं इंधनात १०% पर्यंत बचत होऊ शकते. ज्यांची रोजची फेरी पाच-सात किलोमीटरची आहे, त्यांनी पुठ्ठ्याआधी याचा विचार करावा. उभ्या जागी दहा मिनिटं इंजिन चालू ठेवणं हा तर सर्वांत महाग मार्ग. उभं इंजिन थोडंच इंधन जाळतं म्हणून सावकाश तापतं, आणि तोवर अ‍ॅव्हरेज शून्य. काचेवरचा बर्फ पूर्ण खरवडावा, अर्धं-एक मिनिट थांबावं आणि रेस न करता निघावं.

गैरसमज : काटा मधोमध आहे, म्हणजे सगळं ठीक आहे

हा गैरसमज इंजिन घालवू शकतो. आजच्या बहुतेक गाड्यांत तापमानाचा काटा मुद्दाम स्थिर ठेवलेला असतो. कूलंट ८० ला असो की १०० ला, तो मधोमधच राहतो, आणि हलायला लागतो तेव्हा वेळ थोडाच उरलेला असतो. ज्यांना जाळी झाकायची आहे त्यांनी ओबीडीच्या सॉकेटला लावायचा छोटा स्कॅनर घ्यावा आणि मोबाइलवर खरा आकडा पाहावा.

शिवाय जाळीमागं रेडिएटर एकटा नसतो. त्याच्या पुढं एसीचा कंडेन्सर, टर्बो गाडीत इंटरकूलर, ऑटोमॅटिक गाडीत बहुधा गिअरबॉक्सच्या ऑइलचा कूलर. यांतल्या कुणाचीही खबर तो काटा देत नाही. समोरच्या काचेचं धुकं काढताना एसीचा कॉम्प्रेसर चालतो, म्हणजे हिवाळ्यातही कंडेन्सरला हवा हवी. रेडिएटरचा पंखा एरवीपेक्षा जास्त वेळा सुरू होताना ऐकू आला, तर समजावं की जास्त झाकलं गेलंय. तो पंखा फिरवायला लागणारी वीज इंधनातूनच येते.

ट्रक उत्पादक विंटरफ्रंट कधीही पूर्ण बंद करू नका, असं बजावतात आणि उघडी जागा मध्यभागी ठेवायला सांगतात. कारण एकच बाजू झाकली, तर पंख्याचं प्रत्येक पातं फिरताना कधी वाऱ्यात, कधी आडोशाला येतं आणि त्या हिसक्यांनी थकतं. कारलाही हाच नियम लावावा. आधी वरची जाळी झाकावी. पुष्कळ गाड्यांत मुख्य हवा बंपरच्या खालच्या तोंडातून येत असल्यानं वरच्या जाळीला धोका कमी. काही दिवस आकडे पाहून मगच खालचा थोडा भाग. पुठ्ठा बर्फाच्या पाण्यानं भिजून लगदा होतो आणि आत गेला तर पंख्यात अडकतो, म्हणून तो टाळावा. फोमची नळी उभी चिरून पट्टीवर चढवली की घट्ट बसते, खडखडत नाही आणि हातानं उपसता येते. लोगोमागं किंवा बंपरमध्ये रडार असेल, तर ती जागा मोकळी सोडावी. दुपारी पारा शून्याच्या बराच वर जायला लागला, डोंगर चढायचा असला किंवा मागं ट्रेलर जोडला, की सगळं काढून डिकीत टाकावं.

आपल्याकडं काय?

महाराष्ट्रात जाळी झाकू नये. निफाडचा पारा एक आकडी होतो ती पहाट, आणि त्याच दिवशी दुपारी हवा पंचवीसच्या पुढं जाते. इथल्या गाड्यांना मे महिन्याच्या उन्हात, पूर्ण भरून, एसी लावून कसारा किंवा खंबाटकी चढायचा असतो, आणि ती सगळी हवा त्या जाळीतूनच मिळते.

पण इंजिन गार राहण्याचा रोग आपल्याकडंही आहे, आणि तो आपण हातानं लावून घेतो. गाडी एकदा हीट झाली की कुणीतरी मेस्त्री सांगतो, ‘थर्मोस्टॅट काढून टाका, आपल्या हवेत त्याची गरज नाही.’ वॉल्व्ह निघतो, काटा खाली राहतो, मालक निर्धास्त होतो. आता कूलंट पहिल्या मिनिटापासून रेडिएटरमधून फिरतं. इंजिन तापायला कितीतरी वेळ घेतं, आणि सकाळच्या गारव्यात हायवेवर कधीकधी पूर्ण तापतच नाही. कॉम्प्युटरला वाटतं इंजिन अजून थंड आहे, म्हणून तो जादा पेट्रोल देत राहतो. न जळलेलं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरून ऑइलमध्ये उतरतं, ऑइल पातळ होतं, चेंबरमध्ये गाळ धरतो, झीज वाढते. काही इंजिनांत तर वॉल्व्ह नसला की कूलंटची बायपासची वाट बंदच होत नाही, आणि भर उन्हात गाडी उलट जास्त तापते. हीट होण्याचं मूळ कारण म्हणजे चोंदलेला रेडिएटर, गळणारा वॉटर पंप, बंद पडलेला पंखा किंवा अडकलेला जुना थर्मोस्टॅट. ते तसंच राहतं.

गाडीचं अ‍ॅव्हरेज विनाकारण उतरलं असेल आणि काटा मध्यापर्यंत पोचायला फार वेळ घेत असेल, तर स्कॅनर लावून पी०१२८ हा कोड येतो का ते पाहावं. कूलंट थर्मोस्टॅटच्या तापमानापर्यंत पोचत नाही, असा त्याचा अर्थ. वॉल्व्ह काढलेला असेल किंवा उघडा अडकला असेल, तर कंपनीनं सांगितलेल्याच तापमानाचा नवा बसवून घ्यावा, सोबत नवी गॅस्केट आणि कूलंट भरताना सिस्टिममधली हवा नीट काढून. मेस्त्रीनं ‘कशाला खर्च करता’ म्हटलं तरी ऐकू नये.