गुणफलकावर न दिसणारा खेळ

आमच्या ग्वाल्हेरच्या मराठी घरांत खेळाच्या गप्पा निघाल्या की गाडी हॉकीवर नाहीतर क्रिकेटवर येऊन थांबते. साहजिकच आहे. सचिनचं एकदिवसीय सामन्यातलं द्विशतक २०१० साली इथल्याच रूपसिंग स्टेडियमवर झालं. पण १९५७ साली लक्ष्मीबाईंच्या नावाने सुरू झालेली शारीरिक शिक्षणाची संस्थाही याच गावात आहे. इथली बरीच मुलं-मुली संध्याकाळी बास्केटबॉल खेळतात, त्यांत माझी नववीतली भाचीही आहे.

परवा ती तोंड पाडून घरी आली. म्हणाली, "मावशी, मला नुसतं समोरच्या मुलीला अडवायला उभं करतात. बास्केट दुसऱ्याच मुली करतात आणि टाळ्याही त्यांनाच मिळतात." तेव्हा मी तिला वॉल्ट फ्रेझरची गोष्ट सांगितली. तीच तुम्हालाही सांगते.

फ्रेझरचा जन्म १९४५ चा, अमेरिकेतल्या अटलांटा शहरातला. नऊ भावंडांत तो थोरला. कृष्णवर्णीयांच्या शाळा तेव्हा वेगळ्या असत आणि त्याच्या शाळेत बास्केटबॉल खेळायला मातीचं मैदान होतं. पुढे तो सदर्न इलिनॉय विद्यापीठात गेला. तिथे अभ्यासात मागे पडला आणि १९६५-६६ च्या हंगामात त्याला सामने खेळायची बंदी झाली. सराव तेवढा करता येत होता. प्रशिक्षक जॅक हार्टमन यांनी त्या सरावात त्याला फक्त बचाव करायला लावलं. रोज संघातल्या चांगल्या खेळाडूंना अडवायचं, एवढंच काम.

वर्ष फुकट गेलं असं कुणीही म्हटलं असतं. पण त्याच वर्षात त्याला बचावाची गोडी लागली. समोरच्याच्या मनात काय आहे ते ओळखायचं, चेंडू कुठे जाणार ते आधी हेरायचं आणि अलगद हात घालून तो काढून घ्यायचा, हे सगळं तो तिथे शिकला. अभ्यासही सुधारला. परतल्यावर १९६७ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये त्याच्या विद्यापीठाने राष्ट्रीय निमंत्रित स्पर्धा जिंकली आणि तो स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू ठरला. त्याच वर्षी न्यूयॉर्क निक्स या व्यावसायिक संघाने त्याला घेतलं.

सुरुवात मात्र अडखळतच झाली. खेळ जमेना म्हणून मन रमवायला तो कपडे खरेदी करू लागला. खेळ नाही तर नाही, निदान दिसावं तरी रुबाबदार! त्याची रुंद काठाची हॅट पाहून संघातल्या लोकांनी त्याला 'क्लाइड' म्हणायला सुरुवात केली. हे नाव 'बॉनी अँड क्लाइड' या तेव्हा गाजत असलेल्या सिनेमातलं. पुढे फरचे कोट आले, रोल्स रॉइस आली आणि पूमा कंपनीने त्याच्या नावाचे बूटही काढले. ते आजही विकले जातात.

पण हा थाट टिकला तो खेळामुळे. रेड होल्झमन प्रशिक्षक झाले आणि त्यांनी बचावावर सगळा भर दिला. मग फ्रेझर बहरला. १९६९ ते १९७५ अशी सलग सात वर्षं लीगच्या सर्वोत्तम बचावपटूंच्या पहिल्या संघात त्याचं नाव होतं. गंमत अशी, की कुणी किती वेळा चेंडू हिसकावला याची नोंद एनबीएने १९७३-७४ च्या हंगामापासून ठेवायला सुरुवात केली. म्हणजे पहिली सहा वर्षं त्याची सर्वांत मोठी करामत अधिकृत आकड्यांत कुठेच नव्हती. तोवर निक्सनी १९७० आणि १९७३ अशी दोन विजेतेपदंही जिंकली होती!

८ मे १९७० च्या अंतिम लढतीचंच बघा. जखमी कर्णधार विलिस रीड लंगडत मैदानात आला, त्याने पहिल्या दोन बास्केट केल्या आणि सारं सभागृह पेटून उठलं. लोकांना आजही आठवतो तो रीड. त्या रात्री फ्रेझरने ३६ गुण केले आणि १९ वेळा सहकाऱ्यांना बास्केटसाठी पास दिले. रीडचं नाव मोठं झालं म्हणून फ्रेझरचं काम लहान झालं नाही.

१९८७ मध्ये त्याला हॉल ऑफ फेममध्ये स्थान मिळालं. निवृत्तीनंतर तो समालोचक झाला. त्यासाठी वर्तमानपत्रांतून नवे शब्द वेचून पाठ केले आणि यमक जुळवत बोलण्याची स्वतःची शैली घडवली. एके काळी अभ्यासामुळे बाहेर बसलेला मुलगा शब्दांवरही मेहनत घेऊ लागला होता.

आपल्या देशातही हा खेळ काही नवा नाही. त्याच १९७० सालचा बास्केटबॉलचा अर्जुन पुरस्कार मुंबईच्या अब्बास मुंतसिर यांना मिळाला होता.

ग्वाल्हेरच्या माणसाला तर हे समजावून सांगायला नको. इथे गाण्याची परंपरा आहे. वाहवा गायकाला मिळते, पण ठेका डळमळला तर मैफल बसते, हे आपण लहानपणापासून पाहतो. खेळातही असा ठेका धरणारं कुणीतरी लागतंच.

म्हणून दोन गोष्टी सुचवते. मुलांनो, पुढचा सामना पाहताना पाच मिनिटं चेंडूकडे न बघता एखाद्या बचावपटूच्या पायांकडे बघा. खेळ किती वेगळा दिसतो ते कळेल. आणि आईबाबांनो, मूल मैदानावरून आलं की "किती गुण केलेस?" एवढंच विचारू नका. "आज कुणाला अडवलंस?" हेही विचारा.