‘घरटी चार धर’: रिसेप्शनला किती ताटं सांगायची?

या भागात बोलायचंय रिसेप्शनच्या प्लॅनिंगबद्दल. ज्यांना ऐकायला वेळ नाही, त्यांच्यासाठी हा भाग इथे लिहून काढलाय. मध्ये मध्ये बोलण्यासारखं वाटेल, ते तसंच ठेवलंय.

दादाचं लग्न कराडला, वहिनीच्या गावी झालं. रिसेप्शन आमच्याकडे, साताऱ्याला. दादा सुट्टी वाचवत होता, बाबा पत्रिका वाटत होते, म्हणून हिशोबाची वही आली माझ्याकडे. मी काय केलं? तुम्ही कराल तेच. रील्स बघून स्टेजच्या डेकोरेशनचे फोटो सेव्ह करत बसलो.

तिकडे बाबा केटररला फोनवर सांगत होते, "३०० पत्रिका आहेत. घरटी चार धरा. १२०० ताटं."

ताटाचा भाव होता ३५० रुपये. १२०० गुणिले ३५०, म्हणजे ४ लाख २० हजार. नुसत्या जेवणाचे! हॉल, डेकोरेशन, फोटो वेगळे. बाबा शांतपणे म्हणाले, "ती एफडी मोडू." ती एफडी आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी ठेवलेली होती. आई काहीच बोलली नाही. ती बोलली नाही म्हणूनच मी त्या रात्री डेकोरेशनचे फोटो बाजूला ठेवले आणि यादी उघडली.

तर पहिला मुद्दा हाच. रिसेप्शनचं प्लॅनिंग हॉलपासून नाही, यादीपासून सुरू होतं. हॉल केवढा, ताटं किती, खुर्च्या किती, पार्किंग किती, सगळं एका आकड्यावर उभं असतं. तो आकडा चुकला की पुढचं सगळं चुकतं.

आकडा कसा काढायचा?

पत्रिका मोजू नका, माणसं मोजा. मी फोनमध्ये शीट उघडली आणि तीन रकाने केले.

एक, घरचे. काका, मामा, आत्या, जिवलग मित्र. हे सहकुटुंबच येणार. ७० घरं, घरटी चार, म्हणजे २८०.

दोन, गावातले. शेजारी, बाबांचे ऑफिसवाले, सोसायटी. पत्रिकेवर ‘सहकुटुंब सहपरिवार’ असलं तरी येतात एक किंवा दोघं. मुलांची शाळा असते, क्लास असतो. १५० घरं, घरटी दोन, म्हणजे ३००.

तीन, बाहेरगावचे. मुंबई, नागपूर, सोलापूर. यातली निम्मी घरं येतात. ८० पैकी ४० घरं, घरटी दोन, म्हणजे ८०.

बेरीज ६६०. कुठे १२०० आणि कुठे ६६०!

मला वाटलं, बाबा खूश होतील. ते चिडले. "अन्न कमी पडलं तर?" मग आईने सांगितलं, की आत्याच्या लग्नात शेवटच्या पंगतीला भात पुरला नव्हता. बाबा तेव्हा वीस वर्षांचे होते, वाढायला उभे होते, आणि रिकामं पातेलं घेऊन पाहुण्यांसमोर थांबले होते. म्हणजे १२०० हा आकडा हिशोबातून आलाच नव्हता, तो त्या पातेल्यातून आला होता. प्रत्येक घरात असं एखादं पातेलं असतं. त्याच्याशी वाद घालून उपयोग नाही, त्याचा बंदोबस्त करावा लागतो.

गॅरंटी म्हणजे काय?

केटरर ‘मिनिमम गॅरंटी’ मागतो. म्हणजे तेवढ्या ताटांचे पैसे तुम्ही देणारच, माणसं येवोत न येवोत. वर जितकी ताटं उठतील, तितके जादा पैसे. म्हणून गॅरंटी नेहमी अंदाजापेक्षा थोडी कमी सांगायची. आम्ही ६०० सांगितली आणि ‘वर दहा टक्के तयारी’ असं लिहून घेतलं.

आणि बाबांच्या भीतीचं काय? त्याचं उत्तर आचारीकाकांनी दिलं. ते म्हणाले, "पदार्थ दोन तऱ्हेचे असतात. गुलाबजाम संपले की संपले. पण पुऱ्या, मसालेभात, शिरा अर्ध्या तासात उभा करता येतो. तुम्ही शंभर माणसांचा कोरडा शिधा जास्त ठेवा. नाही लागला तर घरी न्या." रवा, तांदूळ, साखर, तेल. शिजवलेलं अन्न उरलं तर वाया जातं, कोरडा शिधा जात नाही. बाबांना हे लगेच पटलं.

हॉलवाल्याला काय विचारायचं?

हे पटापट सांगतो, लिहून घ्या. भाव जीएसटीसह की वगळून? लाईट बिल आणि जनरेटरचं डिझेल वेगळं का? बाहेरचा केटरर किंवा डेकोरेटर आणला तर रॉयल्टी किती? हॉल किती वाजता ताब्यात मिळणार, किती वाजता रिकामा करायचा? तारीख बदलली तर ॲडव्हान्सचं काय? सगळं कागदावर घ्या. लॉन असेल तर आणखी एक: २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाऊडस्पीकर चालत नाही. डीजे ठरवताना हे लक्षात ठेवा.

आणि लग्नाला मुहूर्त लागतो, रिसेप्शनला लागत नाही! आम्ही मुहूर्त नसलेला बुधवार घेतला. त्या दिवशी हॉल रिकामाच राहणार होता, त्यामुळे मालक भावात बोलायला तयार झाले.

आमचं काय चुकलं?

स्टेज. ताटं मोजली, पण मिनिटं मोजली नाहीत. साधारण २६० घरं येणार होती. एका घराला भेट आणि फोटो मिळून एक मिनिट धरलं, तरी २६० मिनिटं होतात. म्हणजे चार तास वीस मिनिटं! आमच्याकडे वेळ होता ७ ते १०, आणि नवरा-नवरी स्टेजवर आले पावणेआठला. ८० वर्षांची आजी रांगेत उभी राहून दमली आणि न भेटताच खाली बसली. पुण्याहून आलेली काही मंडळी बसची वेळ झाली म्हणून न भेटताच गेली.

माझा सल्ला असा: मेकअपवाल्यांना एक तास आधीची वेळ सांगा. ऑफिसवाले, सोसायटीवाले यांना गटाने वर बोलवा. म्हाताऱ्या माणसांना रांगेत उभं करू नका, नवरा-नवरीनेच खाली उतरून त्यांच्या पाया पडावं. आणि जेवणाचे काउंटर पहिल्या मिनिटापासून चालू ठेवा, म्हणजे सगळी गर्दी एका जागी साचत नाही.

शेवटचा हिशोब

ताटं मोजायला आपला एक माणूस हवाच. सुरुवातीला किती ताटं लावली, शेवटी किती स्वच्छ उरली, एवढंच बघायचं. आमच्या मावसभावाने हे काम चोख केलं. ६८८ ताटं उठली. साडेनऊला गुलाबजाम संपले, तेव्हा बाबांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. वीस मिनिटांत गरम शिरा आला. लोकांनी तो मागून मागून खाल्ला.

बिल झालं २ लाख ४० हजार ८००. ठरलं होतं त्यापेक्षा १ लाख ७९ हजार २०० कमी. एफडी मोडावी लागली नाही, पावती परत कपाटात गेली. पावसाळ्याआधी आईचं ऑपरेशन झालं. आता ती जिना चढते, हळूहळू, पण कठडा न धरता.

तुमच्या घरात कुणाचं ठरलं असेल, तर हॉल बघायला जाण्याआधी आज रात्री जेवण झाल्यावर सगळ्यांना एकत्र बसवा आणि ते तीन रकाने भरा. कुणी ‘घरटी चार धर’ म्हणालं, तर भांडू नका. आधी विचारा, अन्न कुठे कमी पडलं होतं?