वसईच्या किल्ल्यातली एक सकाळ

सहामाही परीक्षा संपली आणि घरात दोन गोष्टी एकदम सुरू झाल्या. एक ऑक्टोबरचा उकाडा, दुसरी मुलांची "कुठेतरी जाऊ या" ही भुणभुण. त्याच आठवड्यात आमच्या सोसायटीच्या आवारात मुलं दिवाळीचा मातीचा किल्ला करायला बसली. माझा दहा वर्षांचा मुलगा दोन दिवस त्यांच्यात विटा-माती वाहत होता. तिसऱ्या दिवशी तो हात धुऊन गप्प बसला. खोदून विचारल्यावर कळलं की कुणीतरी त्याला म्हणालं होतं, "किल्ले आमचे, तुमचे नाहीत."

मुलं भांडतात, पुन्हा एक होतात. मोठ्यांनी त्यात पडू नये असं मला वाटतं, म्हणून मी खाली गेले नाही. पण रात्री अंथरुणावर त्याने विचारलं, "अम्मी, वसईचा किल्ला कोणाचा आहे?" मला चटकन उत्तर देता आलं नाही. नालासोपाऱ्यात राहून, एका स्टेशनावर असलेला हा किल्ला मी मुलांना कधी नीट दाखवलाही नव्हता. मुंबईहून लग्नाआधीचे फोटो काढायला जोडपी येतात, परदेशातला 'कोल्डप्ले' बँड येऊन गाण्याचं चित्रीकरण करून गेला, आणि आम्हाला मात्र रविवारी मॉलच आठवतो!

त्या रविवारी फज्रनंतर कुणी झोपलं नाही. डब्यात घावने आणि सुका खिमा, पाण्याच्या चार बाटल्या, सासूबाईंसाठी घडीची चटई. लोकलने वसई रोड आणि तिथून किल्ल्याकडे जाणारी बस. स्टेशनजवळची गर्दी, टॉवर, दुकानं मागे पडली की रस्त्याच्या कडेला वाड्या दिसू लागतात. केळी, माड, फुलझाडं, मधेच एखादं हिरवट पाण्याचं बावखल. सासूबाईंचं माहेर याच बाजूचं. खिडकीशी बसून त्या धाकटीला सांगत होत्या की त्यांच्या लहानपणी वाडीतल्या विहिरीवर रहाट असायचा, बैल गोल फिरायचा आणि पाटाचं पाणी केळीला जायचं. धाकटीला बैलाला चक्कर कशी येत नाही याची काळजी.

किल्ला म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर डोंगर येतो. वसईचा किल्ला सपाटीवर आहे, समुद्र आणि खाडीच्या मधल्या जमिनीवर. सुमारे 110 एकरांचा पसारा. जुन्या बांधकामांमधून आजही डांबरी रस्ता जातो आणि तो थेट किल्ल्याच्या पलीकडच्या धक्क्यापर्यंत पोचतो. पावसाळा नुकताच सरलेला होता. कमरेइतकं गवत पिवळं पडायला लागलेलं, त्यावर दव, जागोजागी फुलपाखरं. भिंतींच्या फटींतून वड-पिंपळांची मुळं उतरलेली आणि त्यांच्या वर उंच ताड. रविवारच्या त्या वेळी तिथे दुर्बिणी घेऊन पक्षी पाहणारी काही माणसं होती, बाकी शांतता.

मुलाने वही आणली होती. वर लिहिलं होतं, 'किल्ल्याचे मालक'. यादी लिहिता लिहिता त्याचं पान भरलं.

पोर्तुगीजांच्या आधी ही जागा गुजरातच्या सल्तनतीकडे होती. सुलतान बहादूरशाहच्या काळात मलिक तुघान याने इथे तटबंदी केली. 1533 मध्ये पोर्तुगीज गव्हर्नर नुनो द कुन्हा आरमार घेऊन आला आणि ती त्याने उद्ध्वस्त केली. पुढच्याच वर्षी उत्तरेकडून हुमायूनचं संकट दिसू लागलं, तेव्हा सुलतानाने पोर्तुगीजांशी तह केला. 23 डिसेंबर 1534. त्या तहाने वसई आणि तिच्या ताब्यातला मुलूख पोर्तुगीजांना मिळाला. मुंबईची बेटंसुद्धा त्यातच होती. हे ऐकून मुलाने भुवया वर केल्या: "म्हणजे मुंबई वसईच्या हाताखाली?" होय, 1665 मध्ये इंग्रजांच्या हाती पडेपर्यंत.

या तहातलं एक कलम आपल्या घरांमधून क्वचितच सांगितलं जातं. सुलतानाच्या राज्यातून तांबड्या समुद्राकडे जाणाऱ्या जहाजांनी वसईहून निघायचं, परतताना वसईलाच येऊन जकात भरायची. तांबडा समुद्र म्हणजे जिद्दा, म्हणजे हजची वाट. पोर्तुगीजांचा परवाना नसेल तर जहाज पकडलं जाई. पुढे अकबराच्या काळातही हा परवाना सुटला नाही. त्यावर हजरत ईसा आणि बीबी मरियम यांची चित्रं असत, म्हणून अशा वाटेने हजला जावं की नाही यावर दरबारातले उलेमा वाद घालत. बाबराची मुलगी गुलबदन बेगम हजला निघाली तेव्हा तिलाही सुरतेत या परवान्यासाठी महिनोन् महिने थांबावं लागलं. सासूबाईंनी हे ऐकलं आणि म्हणाल्या, "आणि आपण व्हिसाला उशीर झाला की कुरकुरतो."

बहादूरशाह 1537 मध्ये दीवला पोर्तुगीजांच्या भेटीला गेला, तिथेच समुद्रात त्याचा अंत झाला.

पोर्तुगीज इथे दोनशे वर्षं राहिले. सेंट जोसेफ चर्चचा मनोरा अजून उभा आहे. फ्रान्सिस्कनांच्या चर्चमध्ये फरशीतच थडग्यांचे दगड आहेत, त्यांवर कोरलेली नावं. आम्ही पाय जपून टाकत, कडेकडेने गेलो. कबर कोणाचीही असो, तिच्यावर पाय देऊ नये एवढं मुलांना सांगावं लागलं नाही. भिंतींवर मात्र शेकडो नावं खरडलेली होती, बाणाच्या बदामांसकट. माझ्या मुलाच्याही हातात खापरीचा तुकडा होता. मी नुसतं बघितलं, त्याने तो खाली टाकला.

1739 मध्ये चिमाजी अप्पांच्या मराठी फौजेने वेढा घातला. तटाखाली सुरुंग लावले, दोन्हीकडची माणसं मोठ्या संख्येने पडली आणि मे महिन्यात किल्ला पडला. तहाच्या अटींप्रमाणे पोर्तुगीजांना बायका-मुलांसह, मानाने निघून जाऊ दिलं, आणि मागे राहिलेल्या ख्रिस्ती लोकांना त्यांचा धर्म पाळायची मोकळीक राहिली. इथल्या चर्चमधल्या घंटा मग ठिकठिकाणच्या देवळांत गेल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातली मोठी घंटा वसईचीच असं सांगतात. त्यानंतर इंग्रज. 1802 च्या शेवटच्या दिवशी दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी तह केला, तोही वसईलाच. आता किल्ला पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात आहे. मुलाने यादीत 'पुरातत्त्व खातं' लिहिलं आणि पेन थांबवलं.

"पण मग आपण कुठे होतो?"

डबा उघडून आम्ही वडाखाली बसलो होतो. मला जेमेल्ली कारेरी आठवला. हा इटालियन प्रवासी 1695 मध्ये वसईला आला होता. किल्ल्याच्या आतल्या शहराबरोबरच त्याने बाहेरच्या मुलखाचं वर्णन केलं आहे. जवळजवळ पंधरा मैल नुसत्या बागा, आंबे, माड, उसाचे मळे. त्यांत पोर्तुगीज सरदारांची हवा खायची घरं, उन्हाळ्यात ही बडी मंडळी गावाबाहेर सावलीला येऊन राहत. त्या बागा हिरव्या कशा राहत तेही त्याने लिहिलं आहे: पाणी ओढायच्या यंत्रांनी. आणि कसणारे कोण? गावोगावचे ख्रिस्ती, मुसलमान आणि हिंदू शेतकरी. तिघांचीही नोंद त्याने केली आहे.

"पाणी ओढायचं यंत्र म्हणजे रहाट," सासूबाई म्हणाल्या. मघाशी बसमध्ये सांगितलेली गोष्ट तीनशे वर्षं जुनी निघाल्याचं त्यांना नवल वाटलं नाही. रहाटाशिवाय वाडी कशी होईल, एवढंच त्यांचं म्हणणं. त्यांचे वडील दुसऱ्याच्या वाडीत केळी लावायचे. स्वतःची जमीन कधी झाली नाही. सुकेळी बांधायचं काम मात्र घरातल्या बायकांना पाठ होतं. मुलाने हे सगळं लिहून घेतलं. मालकांच्या यादीत नाही, पान उलटून मागच्या बाजूला.

पुढे दर्या दरवाजातून धक्क्यापर्यंत गेलो. किल्लाबंदरच्या कोळ्यांच्या होड्या लागल्या होत्या, खाडीपलीकडे भाईंदर. धाकटीला होडीत बसायचं होतं, तिच्या अब्बांनी तिला खांद्यावर बसवून विषय मिटवला. साडेदहाला ऊन चटके द्यायला लागलं तसे आम्ही परतलो. जुहरला घरी होतो.

तुम्हाला जायचं असेल तर दिवाळीच्या आसपास, अगदी सकाळी जा. दुपारी आत सावली कमी आणि पाण्याची सोय बेभरवशाची. गवतात साप असतात, म्हणून मुलांना चपला नकोत, बूट घाला आणि पायवाट सोडू देऊ नका. मनोऱ्यांवर चढायच्या भानगडीत पडू नका, दगड निसटलेले आहेत. डब्याचा कचरा परत आणायला एक जास्तीची पिशवी घ्या. आम्ही आमच्या पिशवीत दुसऱ्यांच्या सात बाटल्याही भरून आणल्या, तरी फार फरक पडला असं नाही.

संध्याकाळी मुलगा खाली गेला. काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. थोड्या वेळाने धावत वर आला आणि दादीकडे मूठभर अळीव मागितले. किल्ल्याबाहेर वाडी करायची होती, आणि रहाट आइस्क्रीमच्या काड्यांचा होईल का, असं तो विचारत होता.