कळलावीचे विष : ओळख व दक्षता

नाशिक जिल्ह्यात इगतपुरी, पेठ भागांत पावसाळ्यात कळलावी फुलते. पिवळ्या-तांबड्या, मागे वळलेल्या सहा पाकळ्या व पानांच्या टोकांना तणावे, ही तिची खूण होय. तिच्या सर्व भागांत, विशेषतः कंद व बियांत, कोल्चिसीन हे विषारी अल्कलॉइड असते. प्रयोगशाळेत ते तीव्र गंधकाम्लाने पिवळे होते. खात्री वर्णलेखनाने करतात. शेतात चव घेऊन परीक्षा मुळीच करू नये.

पावसाळ्यानंतर वेल वाळतो, परंतु नांगराच्या फाळासारखा कंद जमिनीत राहतो. तो रताळे किंवा रानकंद समजून खाल्ल्यास काही तासांत उलट्या व जुलाब होतात. शिजविल्यानेही विषबाधा टळत नाही. म्हणून ग्रामसेवकांनी फुलोऱ्यातच जागा दाखवून ठेवाव्यात. विषबाधा झाल्यास रोग्यास कंदाच्या तुकड्यासह तत्काळ दवाखान्यात न्यावे.